दोनदा म्हणा

अहिल्याबाई घाटावरून वर येणाऱ्या गल्लीत, शाळेच्या खिडकीखाली, मला माझाच आवाज ऐकू आला. मी खाली उभी होते. गळ्याभोवती मफलर, तोंड मिटलेलं. घशाच्या दुखण्याने सुट्टीवर गेले तेव्हापासून डॉक्टरांच्या हुकमाने ते जवळजवळ मिटलेलंच होतं. आणि वर तिसरीच्या वर्गात मी पाढे शिकवत होते. ‘सात एकम सात,’ मी म्हणत होते, आणि मुलं ते दोनदा म्हणत होती. ‘सात दूनी चौदह.’ पुन्हा मुलं, दोनदा. आवाज छान होता. भरदार, स्वच्छ, प्रत्येक शब्दाच्या शेवटी नीट थांबणारा. क्षणभर मला त्या बाईचा हेवा वाटला, आणि मग ती बाई कोण ते आठवलं. एका गाईने ढुसणी दिली तरी मी बाजूला झाले नाही. मागून दूधवाला सायकलची घंटी बडवत ओरडला, ‘माताजी, किनारे!’ माताजी! दिवाळीच्या आधीपर्यंत या गल्लीत मी बहनजी होते. आवाज गेला की माणूस इतक्या झटपट म्हातारं होतं काय?

वर गेले. दारातच थांबले. वर्गात टाटपट्ट्यांवर माझी मुलं मांडी घालून बसली होती, आणि माझ्या खुर्चीवर, माझ्याच उशीवर, टेपरेकॉर्डर बसवला होता. त्याला झेंडूची माळ. ज्या जाळीतून आवाज येतो तिच्यावर हळदकुंकू. खिडकीशी लतिका, आमच्यातली सगळ्यांत तरुण शिक्षिका, लोकरीचा स्वेटर विणत होती. मला बघून ती दचकली आणि सुया पदराखाली लपवायला लागली. मुलांनी पाहिलंच नाही. त्यांचे डोळे खुर्चीवर. ‘सात पंजे पैंतीस,’ मी म्हणाले, खुर्चीवरची मी. ‘सात पंजे पैंतीस, सात पंजे पैंतीस.’ आणि मग एकदम तोच आवाज करवादला, ‘अरे हट! हट यहाँ से!’ मला आठवलं. उन्हाळ्यात हे पाढे टेपवर भरत असताना खिडकीत माकड आलं होतं. मुलांनी पाठ ताठ केली आणि एका सुरात म्हटलं, ‘अरे हट! हट यहाँ से! अरे हट! हट यहाँ से!’ मी वाट पाहिली. वर्गभर मुलांतून एक तरी फिस्सकन हसेल, निदान एखादा शेजाऱ्याला कोपर मारेल. कुणी हसलं नाही. माझी मुलं, जी माझा चष्मा नाकावरून घसरला तरी हसायची, ती माकडाला हाकलण्याचे शब्द पाढ्याचा भाग म्हणून पाठ करत होती. ‘सात छक्के बयालीस’ पुढे गेलं. शेवटी माझा आवाज म्हणाला, ‘शाबाश! बहुत अच्छे!’ आणि मुलं खुलली. कुणाला शाबाश? त्या मे महिन्यात, बंद खोलीत, गुंडाळून ठेवलेल्या टाटपट्ट्यांना मी शाबाश म्हटलं होतं. सवयीने.

मुक्ता शेवटच्या रांगेत होती. मी तिला पहिल्या रांगेत बसवलं होतं. तारखात्यात नोकरीला असलेल्या पाटणकरांची मुलगी. घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि दोन्हीकडे सारखीच अडखळणारी. तिचे ओठ हलत होते. मी जवळ जाऊन खाली वाकले तेव्हा लक्षात आलं की ओठ हलतायत आणि आवाज नाही. ‘बोलत का नाहीस?’ मी विचारलं. माझा हा नवा आवाज, वाळूवरून पत्रा ओढल्यासारखा, ऐकून ती जरा मागे सरकली. मग बोटाने स्वतःचे ओठ दाखवले आणि हसली, धडा चांगला करून दाखवल्यासारखी. लतिका मागे येऊन उभी राहिली होती. ‘दीदी, मॅनेजरभावजींनीच सांगितलं. ती मागे राहून जाते ना, सगळ्यांची लय बिघडते. म्हणून म्हटलं, फक्त होंठ हिला, बेटा.’ फक्त होंठ हिला. सुट्टीवर जाण्याआधी ही पोर एक पूर्ण वाक्य मोठ्याने वाचू लागली होती. त्यासाठी मी काय केलं होतं? काही नाही. थांबले होते. तिला शब्द पुरवायचा नाही, मान डोलवायची नाही, दुसऱ्याला उठवायचं नाही; समोर बसायचं आणि थांबायचं. हळूहळू बाकीची मुलंही थांबायला शिकली होती, आणि ते शिकवणं पाढे शिकवण्यापेक्षा कठीण होतं. आता तिच्या बापाने सांगून ठेवलंय म्हणे, यंदा तोंडी परीक्षेत वाचलं नाही तर पोरीला घरी बसवू. हे सगळं लतिकाला माहीत होतं. तेवढ्यात लाईट गेली. माझा आवाज ‘आठ एकम’वर जाड झाला, खोल गेला आणि मेला. मुलं तोंडं उघडी ठेवून तशीच बसून राहिली.

आणि लोकांनी म्हणावं की शरदिनीबाईंना मशीन नको आहे! अरे, मशीन मागितलं कुणी? मीच. सरकारी शाळांमध्ये टेपरेकॉर्डर येऊन कपाटात कुलूपबंद पडले होते तेव्हापासून मी आमच्या मॅनेजरांच्या, ढुंढिराजभावजींच्या, मागे लागले होते. इथल्या आपल्या मराठी मंडळींच्या या छोट्या शाळेला एक टेप मिळवा. कशासाठी? मुलांना त्यांचं वाचन ऐकवण्यासाठी. आमची मुलं वाचतात ती पुस्तकात तोंड घालून, शेवटचे शब्द गिळून, आणि सांगितलं तर खरं वाटत नाही त्यांना. एकदा स्वतःचं ऐकलं की कळेल, मी म्हणाले होते. एका बहिणीकडचा टेप आणून मी हे करूनही पाहिलं होतं. यज्ञेश नावाचा एक धटिंगण स्वतःचा आवाज ऐकून असा लाजला की दप्तरात तोंड लपवलं, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून म्हणाला, ‘बहनजी, फिर से भरिए, इस बार ठीक पढ़ूँगा।’ त्या पोराला मी वर्षभर ओरडून जे जमलं नव्हतं ते त्या फितीने करून दाखवलं. मग इंदूरच्या मालविकाबाईंनी देणगीत टेप पाठवला. भावजी म्हणाले, आधी तुमचे पाठ भरून ठेवा वहिनी, कधी आजारी पडलात तर कामाला येतील. मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, मला फार आवडलंही. सगळी उन्हाळी सुट्टी मी शाळेच्या मागच्या खोलीत बसले. पंखा बंद, त्याची घरघर भरली जाते म्हणून. खिडक्या बंद, गल्लीतले घंटानाद नकोत म्हणून. घामाने पातळ अंगाला चिकटलेलं आणि मी मुलांना बोलायला जागा सोडत ‘सात एकम सात’ म्हणते आहे. ती जागा मी मनात त्यांचं उत्तर ऐकून मोजत होते. सगळी मुलं बोलतील असं धरून.

भावजी ऑफिसात होते. मुन्शी घाटाकडे उघडणाऱ्या खिडकीत बसून पान लावत होते. ‘या वहिनी, या! तबियत कशी आहे?’ मी म्हटलं, वर्ग घ्यायला आलेय. ‘अहो, वर्ग तर चालू आहे!’ ते इतक्या आनंदाने म्हणाले की मला त्यांच्या पानाचा डबा खिडकीतून भिरकावून द्यावासा वाटला. तिसरी आणि चौथी आता लतिका एकटी सांभाळते. इकडे कॅसेट लावली की तिकडे लिहायला देते. परवा मालविकाबाई स्वतः बघायला येतायत. मी यावं, चांगली रेशमी साडी नेसून यावं, पुढे बसावं. ‘आणि त्यानंतर?’ मी विचारलं. ‘त्यानंतर आराम! घरी बसून पाचवीचं भरा. घसा बरा झाला की. जल्दी नाही.’ ‘आणि घसा बरा झाला नाही तर?’ डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं की पूर्वीचा आवाज परत येणार नाही. ते त्यांनाही माहीत असावं, कारण ते खिडकीबाहेर बघायला लागले. ‘तर काय झालं? तुमचा चांगला आवाज तर आपल्याजवळ आहेच ना. मी सगळ्या कॅसेटींच्या खिट्ट्या तोडून टाकल्यात. आता कुणाच्या बापाला पुसता येणार नाही.’ कॅसेटच्या कडेला त्या दोन बारीक खिट्ट्या असतात, त्या मोडल्या की तिच्यावर नवं काही भरता येत नाही. माझ्या आवाजाला त्यांनी कुलूप घातलं होतं आणि मला बाहेर ठेवलं होतं.

मी म्हटलं, मुलं माकडाला हाकलण्याचे शब्द म्हणतायत. त्यांनी हात झटकला. ‘ते निघेल हो. मुद्दा बघा ना. आपले वाडवडील कसे शिकले? संथा! गुरूने एकदा म्हणायचं, शिष्याने दोनदा. पुस्तक नाही, पाटी नाही, फक्त कान. ही मशीन परकी थोडीच आहे, ही तर आपलीच! गुरूचा उच्चार शुद्ध पाहिजे, बस. आणि तुमचा उच्चार…’ त्यांनी डोळे मिटून बोटांची चिमूट केली. तुम्ही एका वैदिकाच्या घरात जन्मलात वहिनी, तुम्हाला मी काय सांगणार, असंही म्हणाले. ‘गुरूलाही कान असतात, भावजी,’ मी म्हटलं. ते खदखदून हसले. ‘माइक आहे की त्यात!’ संताप आला की माणूस आवाज चढवतं. मला चढवायला आवाज नव्हता. मी फक्त उठले, आणि उठताना खुर्ची मुद्दाम फरशीवर खरवडली.

घरी जायला मी घाटाघाटाने निघाले. एरवी गल्लीतून जाते, पण गल्लीत कुणीतरी तबियत विचारणार आणि मग ते खरखरणं. वैदिकाच्या घरात जन्मलात! जन्मले. संकठा घाटाच्या वरच आमचं घर. अप्पा, माझे वडील, सकाळी ओसरीवर मुलांना संथा द्यायचे आणि मी जिन्यात बसायचे, वाळत घातलेल्या धोतरांच्या मागे. मला कुणी हाकललं नाही, कारण मी तिथे आहे हेच कुणाच्या मोजण्यात नव्हतं. मुलीला कोण संथा देणार? अप्पा एकदा म्हणायचे, मुलं दोनदा, आणि मी जिन्यात, ओठांनी, बिनआवाजी. ऐकून ऐकून मला रुद्र पाठ झाला. लग्न होऊन त्याच घराजवळच्या घरात आले, भाजी चिरताना म्हणायचे, सुट्टीत भरायला बसायच्या आधी घसा मोकळा करायला म्हणायचे. मला वाटत होतं माझं सगळं बिनचूक आहे. अप्पा शेवटी अंथरुणाला खिळले, वाचा गेली, तेव्हा त्यांच्या उशाशी बसून मी ते मोठ्याने म्हटलं. एका ठिकाणी त्यांनी तर्जनी उचलली. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा तर्जनी. माझं काय चुकतंय ते त्यांना सांगता येत नव्हतं आणि मला कळत नव्हतं. त्या जागी एक अक्षरच मी गाळत होते. लहानपणी खालचा एखादा मुलगा नेमका तेव्हा खोकला असेल, कोण जाणे. किती वेळा म्हटलं माहीत नाही. ते बोट वर धरून थांबले. हात थरथरायला लागला तरी खाली घेतला नाही. शेवटी मला ते अक्षर सापडलं, आणि बोट खाली आलं. तीच माझी एकुलती एक संथा. तेव्हा मी रडले, आणि सगळ्यांना वाटलं बाप चाललाय म्हणून रडते. मी रागाने रडत होते. इतकी वर्षं मी चूक म्हणत होते आणि एकाच्याही कानावर ती पडली नव्हती! भावजी, मला सांगताय संथा? मी त्या मशीनवरच शिकलेली आहे. मला ऐकू येत होतं, मी कुणाला ऐकू येत नव्हते. माझ्या मुक्ताला तुम्ही त्या जिन्यात नेऊन बसवलंत, आणि वर आवाज माझाच लावलात.

घरी काशीनाथरावांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, मुलेठी, म्हणजे ज्येष्ठमध, घातलेलं गरम पाणी तयार ठेवलं होतं. भला माणूस आहे. बँकेत जन्म काढला, कधी कुणाशी वाद नाही. त्यांना ढुंढिराजभावजींचं सगळं आधीच ठाऊक होतं. दोघे रोज संध्याकाळी मंदिरात भेटतात. ‘जिद नको करू, शरू,’ ते म्हणाले. ‘तो काही तुला काढत नाहीये. उलट इज्जतच करतोय. तू घरी, आणि शाळेत तुझा आवाज. असं नशीब किती जणांचं असतं?’ मी पेला खाली आपटला. पाणी त्यांच्या धोतरावर उडालं. ‘बोल ना काय बोलायचं ते,’ ते म्हणाले, आणि मग त्यांनाच उमगलं आणि ते कावरेबावरे झाले. मी बोलले. कुजबुजल्यासारखं, एकेक शब्द खरवडून काढत बोलले. त्यांना त्यातलं अर्धं ऐकू आलं नाही, ते कानाला हात लावून पुढे वाकले, आणि एक बाई भांडतेय आणि नवरा ‘काय? काय म्हणालीस?’ विचारतोय यापेक्षा मानहानी दुसरी नसेल. माझी सगळी वर्षं त्या मुलांसमोर बोलण्यात गेली. बोलून बोलूनच घसा गेला. डॉक्टर म्हणाले शिक्षकांना होतं असं. म्हणजे घसा वर्गात झिजवायचा मी, आणि झिजल्यावर वर्गाला माझी गरज नाही, कारण झिजण्याआधीचा डबीत भरून ठेवलेला आहे. आणि या सगळ्याला इज्जत म्हणायचं. मी त्या रात्री जेवले नाही. पानावरून उठले हे कळावं म्हणून ताटही तिथेच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी लतिकाच्या आधी वर्गात गेले. मुलं येत होती. मी खुर्चीवरच्या टेपची माळ काढली, टेप उचलून खाली टाटपट्ट्यांच्या मधोमध ठेवला आणि मुलांना त्याच्याभोवती गोल बसायला सांगितलं. मुक्ताला माझ्यासमोर. पाढ्यांची कॅसेट काढली. मोडलेल्या खिट्ट्यांच्या जागी बारीक चौकोनी भोकं होती. वर्तमानपत्राचा कपटा चुरगळून मी त्यांत बसवला. एवढंच करायचं असतं. इतकं सोपं कुलूप आणि भावजींना वाटलं कुणाच्या बापाला उघडणार नाही. लतिका आली, तिच्या लक्षात आलं. ‘दीदी, नको! उद्या पाहुणे येतायत. भावजी मला जिवंत नाही ठेवणार.’ मी म्हटलं, सांग त्यांना जाऊन, मी केलं म्हणून. ती खरंच गेली. माझं बोट लाल बटणावर होतं. एक पोर म्हणाला, ‘बहनजी, इस पर भरेंगी तो आपकी आवाज़ मिट जाएगी।’ मला माहीत होतं. मला ते त्या पोराहून जास्त माहीत होतं. असा आवाज मला पुन्हा मिळणार नव्हता; तो जगात या फितींवरच तेवढा उरला होता, आणि काल गल्लीत उभं राहून ऐकताना तो मला किती आवडला होता! क्षणभर वाटलं, एखादी कोरी आणावी, ही राहू द्यावी. मग वाटलं, राहू दिली तर हीच उद्या खुर्चीवर बसेल. मी भरायची दोन्ही बटणं एकदम दाबली.

फीत फिरायला लागली. ‘कोई दो बार नहीं बोलेगा,’ मी मुलांना सांगितलं. ‘आज सिर्फ़ मुक्ता पढ़ेगी।’ पुस्तक तिच्या मांडीवर होतं. वाक्य होतं, ‘नदी के उस पार रेत है।’ तिने माझ्याकडे बघितलं, मग टेपकडे, आणि सवयीने ओठ हलवले. बिनआवाजी. मी समोर बसले होते. तिने परत ओठ हलवले आणि माझ्या तोंडावर काही उमटेना तेव्हा थांबली. मुलं चुळबुळली, मग गप्प झाली. फीत फिरत होती आणि तिच्यावर काहीच भरलं जात नव्हतं. सात एकम सात जात होतं, सात दूनी चौदह जात होतं, माझा घाम, माझी सुट्टी जात होती. मला दुःख होत नव्हतं. माझं मीच काढून घेत होते, आणि मला वाटत होतं, घ्या, आता वाजवा. मग मुक्ताच्या घशातून आवाज निघाला. ‘न,’ ती म्हणाली. ‘न… न…’

जिन्यावर चपला वाजल्या. ढुंढिराजभावजी दारात आले, मागे लतिका. त्यांनी टेप बघितला, फिरती फीत बघितली, पेटलेला लाल दिवा बघितला. ‘वहिनी! अहो, बंद करा! सगळं पुसलं जातंय! डोकं फिरलंय का तुमचं?’ मी हात वर केला, थांबा म्हणून. ‘न… न…’ मुक्ताची मान ताठ झाली होती, डोळे घट्ट मिटलेले, गळ्याची शीर वर आलेली. भावजींनी एक पाय आत टाकला. त्यांना ते सहन होईना. आमच्यातल्या कुणालाच होत नाही, अडलेला शब्द दिसला की सगळे धावतात. ‘नदी!’ ते ओरडले. ‘नदी बोल, बेटा! न-दी! इसमें क्या है?’

मुक्ताचं तोंड मिटलं.

‘चूप!’ मी म्हणाले. घसा फाटला. काहीतरी गरम आतून खाली उतरल्यासारखं वाटलं, पण आवाज निघाला. खिडकीपर्यंत गेला, फितीवरही गेला असणार. मुलांना वाटलं त्यांनाच म्हणाले, ती पुतळ्यासारखी बसली. लतिकाने तोंडावर हात घेतला. मी मुलांना म्हटलं नव्हतं. मी भावजींकडेच बघत होते, आणि ते माझ्याकडे, पान तोंडात तसंच धरून. या शाळेत त्यांना आजवर कुणी चूप म्हटलं नव्हतं. ते मला आज संध्याकाळी काढून टाकतील, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. पण संध्याकाळ अजून दूर होती.

मी मुक्ताकडे वळले. फीत फिरत राहिली. मग तिने पुन्हा पुस्तकाकडे पाहिलं, श्वास घेतला, आणि अगदी सुरुवातीपासून, ‘न… न… नदी,’ ती म्हणाली. कुणी शाबाश म्हटलं नाही. पुढचा शब्द येत नव्हता. वाक्य लांब होतं. भावजी एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर असे उभे होते, आणि ते वाक्य संपेपर्यंत मी त्यांना तिथून हलू देणार नव्हते.